मिरीला दिसलेली सगुणा

मिरीला रात्रंदिवस सगुणा दिसत होती. अगदी समोर, हातभर अंतरावर. अंगात तोच पिवळा झगा, हातात तीच दाण्यांची वाटी, तोंडी तीच हाक, "मिरे, ये गं!" आणि तरीही मिरी तीन दिवस उपाशी होती. कोपऱ्यात तोंड खुपसून बसली होती आणि स्वतःच्याच छातीवरची पिसं उपटत होती. आपलं माणूस डोळ्यांसमोर उभं असताना कुणी असं का वागेल?

दुसऱ्या कुणाला हे कोडं वाटलं असतं. सगुणाला नुसता संताप येत होता.

"रोज रोज तेच काय सांगतोस?" ती भिंतीवर खेकसली. "म्हणे, मिरीबाई स्थिर आहेत! स्थिर म्हणजे काय? दगड स्थिर असतो!"

भिंतभर पडदा होता आणि पडद्यावर सांभाळ दिसत होता. सांभाळ हा यंत्रमानव. माणसं अवकाशात गेली की त्यांची कुत्री, मांजरं, ससे, पाखरं 'विसावा' नावाच्या प्राणिनिवासात राहायची आणि त्यांचं सगळं हा सांभाळ बघायचा. उंची सगुणाएवढी, पोटाशी दाण्यांचा कप्पा, आणि बोलणं इतकं मऊ की भांडणाऱ्याला आणखी चेव यावा.

"स्थिर म्हणजे हृदयाचे ठोके नियमित आहेत," तो म्हणाला. "मात्र वजन उतरलं आहे. आपण रागावला आहात का?"

"छे, आरती म्हणतेय!"

"आरती मला ऐकू आली नाही," सांभाळ प्रामाणिकपणे म्हणाला.

सगुणाने कपाळावर हात मारला.

मिरी म्हणजे काळीकुळकुळीत कोंबडी. कोंबड्यांनी भरलेली एक गाडी वाडीच्या वळणावरून भरधाव गेली, तेव्हा मिरी तिच्यातून खाली पडली होती. पाय मोडलेला, पिसं विस्कटलेली. सगुणाने तिला ओढणीत गुंडाळून घरी आणलं आणि सगळी वाडी हसली. कारण सगुणाचं घर माळकऱ्यांचं. थोरामोठ्यांपासून सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी वर्ज्य. "काय हो ताई, माळ काढली की काय?" असं येणारेजाणारे आईला मुद्दाम विचारायचे. आई म्हणायची, "माळ आहे म्हणूनच तर कोंबडी सुखरूप आहे. तुमच्याकडे देऊ का पाठवून?" मग विचारणारा निमूट चालायला लागायचा.

आईशी बोलण्यात कुणी टिकत नसे. ती कीर्तनकार, ह. भ. प. अंबिकाताई गुंजाळ. आई उभी राहिली की हजार माणसं एका वेळी हसायची आणि एका वेळी डोळे पुसायची. तिच्या मागे मृदंगाला बसायची सगुणा. वय बारा, पण बोटं अशी चालायची की टाळकऱ्यांच्या माना आपोआप डोलायला लागत. रोज दिवेलागणीला मायलेकींचा रियाज चाले, आणि मिरी पेटीच्या खोक्यावर चढून, डोळे मिटून, एखाद्या जुन्याजाणत्या श्रोत्यासारखी बसून राही.

आता चंद्रावरच्या वस्तीत काम करणाऱ्या मराठी मंडळींनी आईला आमंत्रण दिलं होतं. चांद्रवस्तीतला पहिला हरिनाम सप्ताह! नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण जाऊन येऊन महिना जायचा, आणि मिरीला नेता येत नव्हतं. तिथली हवा गाळून गाळून तीच पुन्हा वापरतात. त्या गाळण्यांत एक पीस अडकलं तरी सगळ्या वस्तीचा जीव गुदमरायचा. शिवाय उड्डाणाआधी प्रवाशांना विलगीकरणात (रोगजंतू बरोबर जाऊ नयेत म्हणून इतरांपासून वेगळं) राहावं लागे. म्हणून मायलेकी कोकणकिनाऱ्यावरच्या अवकाशतळावर एका खोलीत बंद होत्या, आणि मिरी हाकेच्या अंतरावर, 'विसावा'त.

'विसावा'ची बढाई एकाच गोष्टीची होती: भास-मालक. प्रत्येक प्राण्याच्या खोलीत भिंतभर पडदा, आणि त्यावर त्याच्या माणसाचं हुबेहूब, पूर्ण उंचीचं, हलतंबोलतं चित्र. इतर मालक दिवसातून तासभर हे चित्र लावत. सगुणाला ते फार कंजूषपणाचं वाटलं. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. पहारा अखंड चालतो. मिरीसाठी एवढंही करू नये? तिने सांभाळला बजावून सांगितलं होतं, "माझं चित्र बंद करायचं नाही. दिवसा नाही, रात्री नाही. अखंड!"

"अखंड," सांभाळने मान डोलावली होती.

आणि तेव्हापासून मिरीने दाण्याला चोच लावली नव्हती.

दुपारी 'विसावा'चे व्यवस्थापक टिपणीस पडद्यावर आले. गुळगुळीत चेहरा, गुळगुळीत हसू.

"नमस्कार ताई! काळजीचं काही कारण नाही हं. काय असतं, काही प्राणी हट्टी असतात. आपण तिला गुंगीचं औषध देऊ आणि नळीने भरवू. महिनाभर अगदी शांत पडून राहील."

"महिनाभर?" सगुणा उठून उभी राहिली. "नळी घालून? तिचं नेमकं दुखतंय कुठे, ते आधी सांगा ना!"

"बाळ, तसं दुखतबिखत काही नाही. कोंबडीला तेवढी समज नसते. कुत्र्याला प्रेम कळतं, मांजराला कळतं. कोंबडी म्हणजे... शेवटी कोंबडीच, नाही का? आणि देव न करो, पण काही बरंवाईट झालंच, तर तुम्ही परत यायच्या आत अगदी तश्शीच काळी कोंबडी आणून ठेवू. आमची हमी आहे."

सगुणाचे कान तापले.  पण बोलली आई. आई कधी आवाज चढवत नसे. तिचा आवाज खाली गेला की समजायचं, आता खैर नाही.

"टिपणीस," ती म्हणाली. 'साहेब' नाही, 'भाऊ' नाही, नुसतं टिपणीस. "तुम्हाला मुलं आहेत?"

"आहेत ना ताई, दोन."

"त्यातलं एक हरवलं, तर तस्संच गोरं, उंच दुसरं आणून ठेवू का?"

"अहो, तुलना काय करताय—"

"तुलना तुम्ही केलीत. जीव आहे तो. दुकानातली बरणी नाही, फुटली तर दुसरी आणायला. पोरीने प्राण ओतून वाढवलेलं पाखरू तुमच्या हवाली केलं. ते का खात नाही, हे शोधायचं सोडून तुम्ही त्याला गुंगी देणार? ती काही मिरीची सोय नव्हे, तुमची आहे."

टिपणिसांचं हसू जागच्या जागी गोठलं. "उद्या संध्याकाळपर्यंत बघतो," ते म्हणाले. "नाहीतर नळी लावावीच लागेल. नियम आहे." आणि पडद्यावरून गेले.

"मी येणार नाही चंद्रावर," सगुणा म्हणाली.

 यान परवा सुटणार होतं.

"खरंच येणार नाही. तू टाळावर कीर्तन कर. नाहीतर तिथल्या कुणाला तरी मृदंगाला बसव."

"बसवीन," आई म्हणाली. "पण आत्ता मला एक सांग. तू इथे राहिलीस, तरी यान सुटेपर्यंत विलगीकरणाचं बाहेरचं दार कुणासाठीच उघडत नाहीत. तोवर मिरीने काय करायचं? न येण्याने तुझा राग निघेल. तिचं पोट भरेल का?"

सगुणाला हेही ऐकायचं नव्हतं. आई हातपाय धुवायला आत गेली, तशी तिने सांभाळला पडदा लावायला लावला. "मिरीला जे चित्र दाखवतोस ना, तेच मला दाखव. तस्संच. मला बघायचंय, माझ्या तोंडात असं काय वाईट आहे!"

खोलीतला दिवा विझला. भिंतीवर सगुणा उभी राहिली. पिवळा झगा, हातात वाटी, चेहऱ्यावर हसू. "मिरे, ये गं!"

खऱ्या सगुणाला त्या हसऱ्या सगुणाचा भयंकर राग आला. तिकडे कोंबडी मरतेय आणि ही दात काढतेय! ती पडद्यापाशी गेली आणि त्या चित्रासमोर तिने मूठ जोरजोरात नाचवली. "हसतेस काय? अगं, हसतेस काय?"

आणि ती एकदम थांबली.

तिने पुन्हा मूठ हलवली. डावीकडून उजवीकडे, झपकन.

एक मूठ सरकत जाताना दिसायला हवी होती. तिला सुट्या सुट्या मुठी दिसल्या. एकीच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी, मधे मधे फटी. देवीच्या मूर्तीला असतात तसे अनेक हात. खिडकीतल्या उन्हात जाऊन तिने हात हलवला. तिथे नुसता एक धुरकट पट्टा. पुन्हा पडद्यासमोर आली. पुन्हा सुट्या मुठी!

"सांभाळ! हे काय आहे?"

सांभाळने तिला एकदा पुन्हा मूठ हलवायला लावली. 

"आपण एक फार महत्त्वाची गोष्ट पाहिली आहे," तो म्हणाला. "मला सांगा, अंधारात कधी पेटती उदबत्ती गोल फिरवली आहे?"

"लहानपणी. आईने धपाटा घातला होता."

"काय दिसलं होतं? धपाट्याच्या आधी."

"लाल वर्तुळ."

"तिथे खरोखर वर्तुळ होतं?"

"नव्हतं. टोक एकच. पण ते पुढे गेलं तरी मागचं दिसत राहायचं."

"बरोबर. डोळ्यासमोरची गोष्ट गेली तरी तिचा ठसा किंचित काळ टिकतो. याला दृष्टिसातत्य (दिसणं चटकन न पुसलं जाणं) म्हणतात. आता आपला कंगवा घ्या. त्याच्या दातांवरून नख फिरवा. आधी अगदी हळू."

सगुणाने नख फिरवलं. टक्. टक्. टक्.

"आता भर्रकन."

झर्र! एकच आवाज.

"सुटे ठोके कुठे गेले?"

"कुठे जातील? तिथेच आहेत," सगुणा म्हणाली. मृदंग वाजवणारीला हे काय सांगायचं! "इतके भराभर आले की कानाला वेगळे कळेनात. एकमेकांत मिसळले."

"डोळ्याचंही तसंच. पडद्यावरचं चित्र खरं म्हणजे हलत नसतं. एक स्थिर चित्र उजळतं, विझतं. दुसरं उजळतं, विझतं. आमचा पडदा एका सेकंदात सत्तर वेळा असा उजळतो. मधल्या काळोखात आपली मूठ पुढे सरकते आणि पुढच्या उजेडात दुसऱ्या जागी दिसते. म्हणून सुट्या मुठी दिसल्या. एरवी ही उघडझाप आपल्याला जाणवतही नाही, कारण माणसाच्या डोळ्यात सेकंदाला पन्नास-साठच्या पुढे गेलेली लुकलुक मिसळून जाते आणि उजेड सलग वाटतो. त्या आकड्याला लुकलुक-मर्यादा (जिच्यापुढे लुकलुक दिसायची बंद होते ती हद्द) म्हणू या."

"आणि मिरीची हद्द किती?" सगुणाने हळूच विचारलं. तिला उत्तराची भीती वाटायला लागली होती.

"चांगल्या उजेडात कोंबडीची हद्द नव्वद-शंभरच्या आसपास जाते. पाखरांचे डोळे चपळ असतात. पळता किडा टिपायचा, वरून झडप घालणारी घार चुकवायची, तर डोळा भराभर चालावा लागतो. माशीचे तर याहूनही चपळ. म्हणूनच आपली चापट तिला सावकाश येताना दिसते."

सगुणाने मनातल्या मनात हिशेब जुळवला. पडदा सत्तरचा. माणूस साठचा. त्याला सगळं सलग. मिरी शंभरची. म्हणजे...

"म्हणजे तिला मधला अंधार दिसतो," ती म्हणाली. "मी दिसते, विझते. दिसते, विझते. सारखी."

"बहुतेक होय."

"मग तुला का नाही कळलं? तू तिथे तिच्या शेजारी उभा आहेस ना!"

"माझा डोळा म्हणजे कॅमेरा. तो पडद्याशी जुळवलेला आहे. पडदा उजळतो तेव्हाच तो उघडतो, विझतो तेव्हा मिटतो. मला अंधार कधी दिसलाच नाही." सांभाळचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. "ही माझी मोठी उणीव आहे."

"मला दाखव," सगुणा म्हणाली. "मिरीला कशी दिसते मी, तशी मला दाखव."

"वेग कमी करून अंदाज देता येईल. पण असा झगझगता, लुकलुकता उजेड काही माणसांना घातक असतो. मेंदूला झटका बसून फेफरं येऊ शकतं. हे कुणीही घरी करून पाहायचं नाही. आपल्या दोघींच्या मेंदूची तपासणी प्रवासाआधी झाली आहे आणि ती ठीक आहे. तरीही आईंची परवानगी हवी, आणि दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही."

आई पदराला हात पुसत दारात उभी होती. तिने बरंचसं ऐकलं होतं. ती सगुणाच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दाखव रे."

पडदा फुटल्यासारखा झाला. सगुणाचा चेहरा भिंतीतून अंगावर आला, गेला, आला, गेला. हसू तुकड्यातुकड्यांनी आपटत होतं. हात वाटीपासून तुटून दुसरीकडेच उगवत होता. एवढ्या मोठ्या भिंतीभर पांढरा काळा, पांढरा काळा असा मार बसत होता. डोळ्यांत कुणी चिमटे काढावेत तसं वाटलं. सगुणाने डोळे गच्च मिटले, तरी पापण्यांवर ते थाड थाड चालूच होतं.

"बंद कर!" आई ओरडली.

खोली शांत झाली.

"हे अगदी तंतोतंत तिला दिसतं तसं नाही," सांभाळ म्हणाला. "कोंबडीच्या डोळ्यात शिरून पाहण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. पण साधारण या जातीचं."

"बंद कर तिकडचा पडदा. आत्ता! आत्ताच्या आत्ता!"

"बंद केला."

सगुणा खाली बसली. आता तिचा राग वळला आणि तिच्यावरच येऊन आदळला. "मीच सांगितलं होतं अखंड ठेव म्हणून. बाकीच्यांना तासभरच होतं. मी तिला रात्रीसुद्धा... आई, तिला झोपूही दिलं नाही गं मी!"

आई तिच्याजवळ बसली.

"सप्ताहात वीणा अखंड असते ना?" तिने विचारलं.

"हो. म्हणून तर!"

"आणि वीणेकरी?"

सगुणाने वर पाहिलं.

"वीणेकरी दर पहाऱ्याला बदलतो," आई म्हणाली. "पहारा झाला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतो, पाया पडतो, घरी जातो, भाकरी खातो आणि ताणून देतो. एकाच माणसाला सात दिवस उभं केलं तर त्याला भक्ती म्हणत नाहीत गं, छळ म्हणतात. देवसुद्धा रात्री निजतो. शेजारती उगीच करतो का आपण? तू माया केलीस, पण मायेला जरा निजू द्यायचं राहिलं. आता उठ. राग आलाय ना? येऊ दे. पण तो स्वतःच्या डोक्यात घालून घेऊ नकोस. अजून काम आहे त्याचं."

"काय काम?"

"बाकीच्या खोल्यांत कोण कोण आहे, ते विचार की तुझ्या मित्राला."

सांभाळने सांगितलं. मांजरं निवांत होती. त्यांची हद्द माणसाच्या जवळपासच. कुत्र्यांची मात्र माणसापेक्षा जास्त, सत्तर-पंचाहत्तरच्या घरात. बरीच कुत्री पडद्याकडे पाठ करून पडून राहत. "टिपणीससाहेब म्हणतात, मालक दिसल्यामुळे ती निर्धास्त झोपतात. पोपटांपैकी दोघांनी पिसं उपटली आहेत. साहेब म्हणतात, ऋतू बदलतोय."

"ऋतू!" सगुणा उठलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी विलगीकरणाच्या आतूनच जाता येणाऱ्या भेटीच्या दालनात गेल्या; ते उड्डाणाच्या आदल्या दिवशीच उघडत. दालनाच्या मधोमध जाड काच. अलीकडे प्रवासी, पलीकडे प्राण्यांच्या खोल्या. मिरीची खोली रिकामी होती. पडदा बंद झाल्यावर ती डोकं पंखात घालून झोपली होती ती उन्हं वर येईपर्यंत. मग सांभाळने तिला मागच्या अंगणात नेलं होतं. पण तिने अजून काही खाल्लं नव्हतं. 

काचेपलीकडे टिपणीस उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"छान, छान. हुशार आहे मुलगी. वर कळवतो मी. आता काय आहे, एवढे पडदे बदलायचे म्हणजे खर्च, वेळ... शिवाय आजवर कुणाची तक्रार आलेली नाही."

"कुणाची?" सगुणाने विचारलं. "कुत्र्यांची? ती काय अर्ज करणार होती?"

"म्हणजे मालकांची. पडदा बसवला तेव्हा आम्ही पाच-पन्नास माणसांना दाखवला होता. एकालाही त्रास झाला नाही."

"माणसांना!" सगुणाने काचेवर हात आपटला. "पडदा कुणासाठी? प्राण्यांसाठी. तपासला कुणाच्या डोळ्यांनी? माणसांच्या! उद्या मी तुमचा चष्मा माझ्या आजीच्या नंबराचा केला तर चालेल का तुम्हाला?"

टिपणिसांचा हात नकळत चष्म्याकडे गेला.

"आत बसा," सगुणा म्हणाली.

"काय?"

"मिरीच्या खोलीत बसा. तुम्हाला जो वेग दिसेल, त्या वेगाने सांभाळ पडदा लावेल. मिरी तीन दिवस बसली होती. तुम्ही थोडंसं बसा."

"हा काय पोरखेळ आहे?"

तेव्हा आई पुढे झाली. हात जोडलेले, आवाज खाली. "टिपणीस, चांद्रवस्तीतल्या आपल्या मंडळींची जनावरं तुमच्याकडेच असतात ना? सप्ताहात ही सगळी माणसं माझ्यासमोर बसणार आहेत. विचारतील, आमचा मोत्या कसा आहे? मला व्यासपीठावरून खोटं बोलता येत नाही. काय सांगू, ते तुम्हीच ठरवा."

टिपणीस आत गेले. सांभाळने त्यांनाही फेफऱ्याचं विचारलं, तब्येतीची खातरजमा केली आणि मगच पडदा लावला. पडद्यावर त्यांचंच चित्र होतं, जाहिरातीतलं, गुळगुळीत हसणारं. ते उजळायला आणि विझायला लागलं.

आधी ते ताठ बसले. मग मान फिरवली. पण भिंत इतकी मोठी होती की मान फिरवून सुटका नव्हती. समोरची भिंतही उजळत-विझत होती. त्यांनी डोळ्यांवर हात घेतले. मग ते उठले आणि कोपऱ्यात गेले. अगदी त्याच कोपऱ्यात, जिथे मिरीची पिसं पडली होती. आणि तोंड भिंतीला लावून उभे राहिले.

"बस," आई म्हणाली, आणि सांभाळने पडदा बंद केला.

सगुणाला वाटलं होतं, आपल्याला खूप आनंद होईल. झाला नाही. त्या कोपऱ्यातल्या पाठीकडे बघून तिला मिरीच आठवली.

टिपणीस बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि त्यामुळे तो पहिल्यांदाच माणसाचा चेहरा वाटत होता. ते खाली पडलेल्या पिसांकडे बघत राहिले.

"कोपऱ्याशिवाय जायला जागाच नाही हो तिथे," ते शेवटी म्हणाले. "सांभाळ, पाखरांच्या आणि कुत्र्यांच्या खोल्यांतले पडदे बंद कर. सगळे. मी बोलतो वर." मग सगुणाकडे न बघता म्हणाले, "नळी नाही लावत तिला."

"पण ती अजून खात नाहीये," सगुणा म्हणाली.

सांभाळ मागच्या अंगणात गेला. काचेच्या टोकाकडून अंगणाचा एक तुकडा दिसत होता. खरं ऊन. सलग ऊन, सूर्य कधी लुकलुकत नाही. मिरी मातीत अंग टाकून पडली होती. सांभाळने तिच्या जवळ दाणे टाकले. ती हलली नाही. मग सगुणाने सांगितल्याप्रमाणे त्याने चित्र न लावता नुसता आवाज लावला: काल रात्री सगुणाने मुद्दाम वाजवून दिलेला मृदंग, दिवेलागणीच्या रियाजाचा साधा, संथ ठेका.

मिरीने मान वर केली. तिरकी करून ऐकलं. उठली. अंग झाडलं, धुळीचा ढग उडाला. आणि ती तरातरा चालत सांभाळपर्यंत गेली आणि त्याच्या पोटावर तिने खाडकन चोच मारली.

"त्यांनी मला टोचलं," सांभाळने जाहीर केलं.

"कुठे?" सगुणाने विचारलं.

"दाण्यांच्या कप्प्याच्या बटणावर."

कप्पा उघडला, दाणे भसकन सांडले आणि मिरी तुटून पडली. टक् टक् टक् टक्! इतक्या भराभर, की कंगव्यासारखा एकच आवाज व्हावा. सगुणा हसायला लागली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. आईने तिला जवळ घेतलं आणि मोठ्याने "विठ्ठल, विठ्ठल" म्हटलं.

"मेली बघतसुद्धा नाही माझ्याकडे!" सगुणा नाक पुसत म्हणाली.

"पोट भरल्यावर बघेल," आई म्हणाली. "तुझी लेक आहे. आधी भांडण, मग जेवण, मग माया."

ठरलं असं: दिवसा ऊन आणि माती, रात्री गडद अंधार, आणि दिवेलागणीला चंद्रावरून नुसता आवाज. चित्र नाही. सांभाळ स्वतःच्या कॅमेऱ्याचं पडद्याशी असलेलं जुळणं तोडून घेणार होता. "यापुढे मला अंधारही दिसेल," तो म्हणाला. "ते बरं."

यान सुटायच्या सकाळी सगुणा काचेपाशी उभी होती. मिरी अंगणात माती उकरत होती; पिसं अजून विरळ, पण शेपूट ताठ.

"एक माहिती द्यायची होती," सांभाळ म्हणाला. "चांद्रवस्तीत पुढच्या वर्षी अंड्यांसाठी कोंबड्यांचं घर होणार आहे. मोठं. हवाही वेगळी गाळणार आहेत. तिथे सूर्यप्रकाश येणार नाही, म्हणून दिवे मागवले आहेत."

सगुणा वळली. "किती लुकलुकतात ते दिवे?"

"मला माहीत नाही. कुणी विचारल्याची माहिती माझ्याकडे नाही."

सगुणाचे कान पुन्हा तापायला लागले. पण या वेळी तो राग कुठे न्यायचा, हे तिला ठाऊक होतं. तिने खांद्यावरची मृदंगाची पिशवी सावरली आणि आईला गाठलं.

"आई, कीर्तनात मला दहा मिनिटं दे."

"कशाला गं?"

"एक विचारायचंय सगळ्यांना."

आईने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "ओरडायचं नाही."

"आधी नीट विचारीन," सगुणा म्हणाली. "उत्तर मिळालं नाही, तर मग ओरडीन."

आईने जरा विचार केला. यानाकडे जायचं दार उघडत होतं.

"पंधरा घे," ती म्हणाली.